दिसणाऱ्या भागात दोष नाही

९ फेब्रुवारी

छोट्या,

वर आशीर्वाद लिहावा की नाही यातच दोन कागद फुकट गेले. अकरा वर्षांनी आशीर्वाद पाठवला तर तू हसशील, आणि नाही पाठवला तर म्हणशील, ताई आहे तशीच आहे. म्हणून राहू दे. फोन केला नाही, कारण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. कागद फाडायला निदान दोन हात लागतात, आणि तेवढ्यात डोळा दोन ओळींवरून फिरतो. त्या दोन ओळी अशा: भिंगरीच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली आहे. इथला सर्जन गुरुवारी ती कापायला निघाला आहे.

आता वाचतोयस ना? मग नीट सांगते.

पोरगी एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी हे नाव तूच ठेवलंस. ती आता सव्वीस वर्षांची आहे आणि बस चालवते. हसू नकोस. एवढी मोठी गाडी ती चौकात वळवते तेव्हा मी फुटपाथवर उभी राहून उगाच इकडेतिकडे बघते, माझी मुलगी आहे हे कुणाला कळतंय का म्हणून. दीड वर्षापासून तिला बसलं की दुखायचं, अगदी खाली, माकडहाडापाशी. सगळ्यांनी सीटवर खापर फोडलं. डेपोतल्या मेकॅनिकने सीटच्या स्प्रिंगा बदलून दिल्या, मी मधे भोक असलेली उशी आणली, बरोबरीचे ड्रायव्हर तिला ‘राणीसरकार, गादी विसरलात’ म्हणून चिडवायला लागले. गोळ्या झाल्या, शेक झाला. गेल्या महिन्यात तिचा डावा पाय बधिर झाला. क्लचवर पाय आहे की नाही हे तिला खाली बघून कळायला लागलं. तिने बस कडेला घेतली, माणसं उतरवली आणि मला फोन केला, "आई, मी आता ही गाडी पुढे नेणार नाही. कुणाला तरी पाठव."

एमआरआय केला. माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड निम्मं खाल्लं गेलंय आणि पुढे, पोटाच्या बाजूला, मुठीपेक्षा मोठी गाठ आहे. सर्जन म्हणतो, "पू साठलेला दिसतोय. उघडून साफ करू, आठ दिवसांत घरी." मी डॉक्टर नाही, पण एकतीस वर्षं या दवाखान्यात लोकांची हाडं बघतेय. हा पू नाही.

असल्या गाठी काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यातला एक तू आहेस, हे मला परक्या माणसाकडून कळलं. सीडी सोबत जोडली आहे. गेल्या वर्षी जानेवारीत मीच तिचा एक्स-रे काढला होता. तेव्हा काही नव्हतं.

मी माझ्यासाठी काही मागत नाही. 

ताई


१७ फेब्रुवारी

छोट्या,

तू मला फोन केला नाहीस, सर्जनला केलास. तो माझ्यावर डाफरला, "तुमचे बंधुराज आता मला शिकवणार का?" पण यादीतून तिचं नाव खोडलं. माझा जीव भांड्यात पडला. तू काय सांगितलंस ते त्यानेच मला ऐकवलं, तोंड वाकडं करून का होईना. ही गाठ फुटली तर तिच्या पेशी सांडतात, आणि सांडतील तिथे पुन्हा रुजतात. काढायची तर अख्खी, भोवतीच्या मांसासकट, एका तुकड्यात. सुईसुद्धा मागून, बरोबर मधोमध घालायची आणि तिच्या वाटेवर खूण करून ठेवायची, कारण पुढे ती वाटही कापून टाकावी लागते.

तसंच केलं. माझ्या शेजारच्याच खोलीत, सीटी मशीनवर. मी तिचे पाय धरून उभी होते. ती पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "आई, तू लोकांना म्हणतेस ना, श्वास रोखा, तसं म्हण." मी म्हटलं. तिने रोखला आणि मी ‘सोडा’ म्हणायला विसरले. शेवटी रेडिओलॉजिस्ट ओरडले, "अहो बाई, सोडू द्या तिला!" ती हसली, मी नाही हसू शकले. आतून जेलीसारखं काहीतरी निघालं, तेही चमचाभर नाही. स्लाइड्स तुझ्याकडे निघाल्या आहेत.

तू जुनी फिल्म मागितलीस. ती मिळत नाही रे. तळघरात ओल आली होती, कितीतरी पाकिटं एकमेकांना चिकटून गेली. रिपोर्ट आहे, त्यातलं उतरवून पाठवते: ‘कंबर व ओटीपोट, समोरून. दोष नाही.’ तेवढ्यावर भागेल ना?

ती विचारत होती, "मामा मला ओळखेल का?" मी म्हटलं, नाकावरून ओळखेल. तुझं नाक घेतलंय तिने.

ताई


१ मार्च

छोट्या,

तुझं पानभर पत्र आलं. मी ते एक्स-रेच्या खोलीत वाचलं, बाहेरचा लाल दिवा लावून, म्हणजे कुणी आत येणार नाही. बाहेर एक म्हातारे गुडघा धरून ताटकळत बसले होते. बसू दिलं.

तू लिहितोस की तुम्ही तिघा डॉक्टरांनी बसून स्लाइड्स पाहिल्या आणि दोन मतं पडली. एक, ही कॉर्डोमा असावी. दहा लाखांत एखाद्याला होणारी. बाळाचा कणा बनण्याआधी पोटात जी एक दोरी असते, तिचे उरलेसुरले कण कण्यात कुठेतरी झोपून राहतात आणि वर्षानुवर्षांनी जागे होतात. ही गाठ मुंगीच्या पावलाने वाढते. दुसरं मत, हा हाडाचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर आहे. तसं असेल तर आधी चार महिने केमो, ऑपरेशनचं नंतर बघायचं. पेशी इतक्या थोड्या आल्यात की स्लाइडवरून ठरत नाही. आणि मग तू लिहिलंस: ‘तेरा महिन्यांपूर्वीची फिल्म स्वच्छ होती असं तू म्हणतेस. म्हणजे एवढी गाठ वर्षभरात झाली. कॉर्डोमा अशी पळत नाही. त्यामुळे केमोचं पारडं जड आहे. सोमवारी शेवटचं ठरवतो आणि औषध सुरू करतो.’

मला काही विचारायचं आहे. फिल्म नेहमीच नीट येते असं नाही. आमचं मशीन जुनं आहे, कधी आतड्यातला वायू आड येतो, कधी पेशंट हलतो. समज, ते हाड त्या दिवशी नीट दिसलंच नसेल तर? नुसतं समज म्हणतेय.

आणि समज, ती कॉर्डोमा असेल आणि तुम्ही केमो दिलीत, तर उपयोग होतो का? मला माहीत आहे, होत नाही. मी वाचलंय. केस जातील, चार महिने जातील आणि गाठ वर सरकत राहील. मग तूही काढू शकणार नाहीस.

काल तिला लघवीला वीस मिनिटं लागली. आत नळ सोडून बसली होती, बाहेर मी दाराला कान लावून. ती आतून म्हणाली, "आई, तू तिथे उभी राहिलीस तर मुळीच होणार नाही." मी पाय वाजवत दूर गेले आणि अनवाणी परत आले.

तू एवढा मोठा झालास, मग एका जुन्या फिल्मवर तुझं घोडं का अडतं? स्लाइड बघ ना नीट.

ताई


४ मार्च

छोट्या,

हे सोमवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून डेपोतला मेकॅनिक स्वतः घेऊन येतोय. त्याला काही ठाऊक नाही. सपाट पाकिटात फिल्म आहे. दुमडू देऊ नकोस.

ती हरवली नव्हती. तळघरात ओल वगैरे काही आलेली नाही. ती माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली होती. एमआरआय झाला त्याच दिवशी मी ती रेकॉर्डमधून काढून घरी आणली.

उजेडावर धरलीस की तुला मधोमध पांढरा डाग दिसेल. ते शिसं आहे. तरुण मुलींच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवायचा ही आमची जुनी रीत, पुढे मूलबाळ व्हावं म्हणून. पण जिथे दुखतंय तीच जागा झाकली जात असेल तर ठेवायचा नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं. मीच शिकवते त्यांना. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी ठेवला नसता. माझी होती, म्हणून ठेवला. बाजूनेही एक फिल्म काढायची असते, तिला किरण जास्त लागतात, म्हणून तीही काढली नाही. ती ड्युटीच्या मधल्या सुट्टीत युनिफॉर्मवर आली होती. "आई, झालं?" "झालं." दीड मिनिटात मी माझ्या लेकीला वाचवून मोकळी झाले.

रिपोर्टमधले दोन शब्द मी गाळले. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘दिसणाऱ्या भागात दोष नाही.’ त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. तुला पाठवताना माझा हात त्या दोन शब्दांपाशी थांबला आणि पुढे गेला.

अजून आहे. शिशाच्या डाव्या कडेला, अगदी बाहेर, हाडाची एक रेघ असायला हवी. ती मधेच तुटते. तुला सापडायला एक मिनिट लागेल. मला तेवढंही लागलं नव्हतं. मी ती त्याच दिवशी पाहिली, छोट्या. म्हटलं, वायू असेल. एकतीस वर्षांची नजर माझी, आणि म्हणे वायू! पुन्हा काढायला तीन मिनिटं पुरली असती. तिची बस सुटायची होती, पुन्हा किरण द्यायचे नव्हते, अशी कारणं मला पुष्कळ देता येतील. खरं कारण एकच. मला बघायचं नव्हतं.

आता तुला अंधारखोलीतले काका आठवले असतील. मलाही रोज आठवतात. त्या पेशंटच्या गुडघ्याच्या फिल्मवर डाव्या-उजव्याचं अक्षर मीच उलटं लावलं होतं, त्याचा चांगला गुडघा उघडला गेला, आणि ठपका आला फिल्म धुणाऱ्या काकांवर. मी मूग गिळून बसले. तुला ते कळलं होतं, तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, खरं बोल." मी म्हणाले, असला भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा. काकांची नोकरी गेली, तू गाव सोडलंस, मी तिथेच राहिले आणि वरिष्ठ झाले. काका चार वर्षांपूर्वी वारले. मी त्यांच्या घरी गेले होते, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत.

ती रेघ मोज. तेरा महिन्यांपूर्वी हाड तुटलेलं होतं म्हणजे गाठ तेव्हाही होती, आणि मोठी होती. म्हणजे ती पळणारी नाही. औषध सुरू करू नकोस. माझ्यावर किती रागवायचं ते रागाव, पण आधी मोज, तुझ्या पाया पडते.

ताई


१२ मार्च

छोट्या,

तू तिसऱ्या मजल्यावर आहेस, मी तुझ्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, नातेवाइकांच्या खोलीत. सहा खाटा आहेत आणि एकच खिडकी. तरी चिठ्ठी सिस्टरच्या हातून पाठवतेय, कारण काल तू माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून सिस्टरला म्हणालास, "पेशंटच्या आईला सांगा, कागदांवर सही करा." मी केली. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तू फिल्म मोजलीस, आणि उरलेल्या कणभर मांसावर तुमच्या माणसाने तो खास रंग चढवून पाहिला, जो कॉर्डोमाच्याच पेशी धरतात. धरला. औषध रद्द, ऑपरेशन नक्की. ते ऐकून मी कॉरिडॉरमध्ये हुश्श केलं. लेकीला दहा लाखांत एखाद्याला होणारा कॅन्सर आहे म्हणून हुश्श करणारी बाई जगात मी एकटीच असेन.

काल तू तिला समजावलंस तेव्हा मी पडद्यामागे होते. तिला बसवत नाही म्हणून ती पालथी, आणि तू स्टूलही बाजूला सारून जमिनीवर बसलास, तिच्या तोंडासमोर, हातात तो प्लॅस्टिकचा कणा घेऊन. "भिंगरे, हे हाड इथून खाली सगळं काढणार. यातून लघवी-शौचाच्या नसा जातात. वरची जोडी वाचवायचा प्रयत्न करीन. खालच्या जाणार. लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच नळी घालायला शिकावं लागेल. चालशील, सुरुवातीला काठी लागेल."

"आणि बस?"

"माहीत नाही."

"मामा, खोटं तरी बोल जरा."

"ते मला जमत नाही ग."

"आमच्या आईला जमतं," ती म्हणाली. "सुई टोचताना म्हणाली होती, मुंगी चावल्यासारखं वाटेल. मुंगी कसली, हत्ती होता!"

तुम्ही दोघं हसलात. मग तू मान वर करून पडद्याकडे पाहिलंस, आणि मला कळलं की मी तिथे आहे हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं.

तिला काहीही माहीत नाही. तिला वाटतं, मामाने हुशारीने ओळखलं. तुझी चिठ्ठी सिस्टरने दिली: ‘ऑपरेशनआधी तिला सांगू नकोस, तिची सगळी ताकद लागणार आहे. नंतर तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.’ कबूल. पण एक भीक मागते. ऑपरेशनमध्ये हात राखू नकोस, आणि माझा राग त्या खोलीत नेऊ नकोस.

ताई


२३ मार्च

छोट्या,

तू आत्ता राउंडला गेलास. समोरासमोर बोलायला अजून जमत नाही, म्हणून पुन्हा कागदच.

ऑपरेशनच्या दिवसाचं आधी लिहिते. सकाळी सातला तिला आत नेलं, संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर तू बाहेर आलास. तोंडावर मास्कचे वळ होते. म्हणालास, "अख्खी निघाली. फुटली नाही. कडा स्वच्छ वाटतायत, तपासून यायला आठवडा लागेल." मी हात जोडले. तेवढ्यावर गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मी विचारलं, "वर्षापूर्वी कळलं असतं तर?"

तुला ‘कुणास ठाऊक’ म्हणता आलं असतं. अकरा तास उभा राहिलेल्या माणसाला तेवढी सूट कुणीही दिली असती. तू डोक्यावरची टोपी काढलीस आणि म्हणालास, "उजवीकडच्या सगळ्या नसा वाचल्या असत्या, ताई. नळी लागली नसती."

अकरा वर्षांनी ताई म्हणालास, आणि ते या वाक्यात. मी खुर्चीवर बसले. तूही बसलास, मधे एक खुर्ची सोडून.

काल मी तिला सांगितलं. ती आता बऱ्यापैकी शुद्धीत आहे, डावा पाय थोडा हलवते. मी फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून धरली.

"हे पांढरं काय?"

"शिसं."

"कशाला ठेवलंस?"

"तुला जपायला."

ती हसली नाही. ड्रायव्हरची नजर आहे तिची, रस्त्यावरचा खड्डा लांबून दिसतो. डोळ्यांनीच कडेपर्यंत गेली आणि म्हणाली, "आणि ही रेघ तुटलीय, ती तुला तेव्हा दिसली होती?"

हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तू मला उघडं पाडलं नसतंस, एवढं मला तुझ्या डोळ्यांत दिसलंय. शिशाबद्दल तिने माफ केलंच असतं. वेडी माया म्हणाली असती, लोकांना हसत सांगितलं असतं. छोट्या, तोंडापर्यंत आलं होतं ‘नाही’. मी म्हटलं, हो.

तिने मान फिरवली. पाठ एवढी चिरलेली असताना तिला कुशीवर करायला दोन माणसं लागतात. तिने कुणाला बोलावलं नाही. एकटीनेच मान उचलली आणि भिंतीकडे केली. तिला किती वेळ लागला आणि काय काय दुखलं ते मी उभी राहून पाहिलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पाणी सिस्टरकडून मागते, मी भरलेला पेला घेऊन शेजारी असते तरी. आज सकाळी नळी कशी घालायची ते शिकवायला सिस्टर आल्या. म्हणाल्या, घरच्यांनीही बघून ठेवा. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आईला बाहेर थांबायला सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

तू राउंड संपवून तिच्याकडे जाशील. माझी वकिली करू नकोस. म्हातारी झाली, घाबरली, आईचं काळीज, असलं काही बोलू नकोस, तुला ते शोभणारही नाही. तिने नसांचं विचारलं तर मला सांगितलंस तेच सांग, त्याच शब्दांत. मी ते ऐकून जिवंत आहे, तीही राहील. ती रडायला लागली तर थांबवू नकोस, फक्त टाक्यांवर ताण येणार नाही असं धर.

आणि तिने विचारलं, आई गेली का, तर नाही म्हण. दाराबाहेर आहे म्हणावं, आणि तू हाक मारेपर्यंत आत येणार नाही.

ताई